घरचा कोच

गाव सोडून गेलेला माणूस परत आला, की आपल्याकडे त्याच्याविषयी दोन मतं होतात. पहिल्या दिवशीचं मत असं, की "वा! मातीला विसरला नाही!" आणि आठव्या दिवशीचं असं, की "तिकडं काही जमलं नसणार." मधल्या सात दिवसांत त्या बिचाऱ्यानं काहीच केलेलं नसतं. फार तर ट्रंक उघडून कपडे उन्हात घातलेले असतात. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या स्वतःच्या ट्रंकेवर हा प्रसंग गुदरलेला आहे. पण ते पुढे येईलच.

खरं तर मी हा सगळा प्रकार विसरून गेलो होतो. तो आठवायला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी अमेरिकेत जावं लागलं. लोक अमेरिकेत जाऊन नायगारा बघतात, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघतात आणि परत आल्यावर वर्षभर शेजाऱ्यांना फोटो दाखवून सूड उगवतात. मी काय बघितलं? तर एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला नवा कोच मिळाला, त्याच्या स्वागताचा समारंभ. आमच्या सौ.नं परत आल्यावर हे चार घरी सांगितलं. ऐकणाऱ्यांनी चहाचे कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. एकानं तर "तब्येत बरी आहे ना?" असंही विचारलं.

त्याचं असं झालं. आमची लेक आणि जावई केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन या गावी राहतात. गाव घोड्यांचं. जरा बाहेर पडलं, की मैलच्या मैल लाकडी कुंपणं आणि कुंपणांच्या आत आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांपेक्षाही जास्त बडदास्त असलेले घोडे. पण गावाचं खरं दैवत घोडा नाही, बास्केटबॉल. आणि तोसुद्धा पगारी खेळाडूंच्या क्लबांचा नव्हे, केंटकी विद्यापीठाच्या टीमचा. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांची फुटबॉलची मॅच असते त्या दिवशीचं कोल्हापूर ज्यानं पाहिलं आहे, त्याला लेक्सिंग्टन समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की इथं दोन तट नाहीत. सगळं गाव एकाच तालमीचं. त्या तालमीचा रंग निळा. झेंडे निळे, टोप्या निळ्या, वाण्याच्या दुकानातले केकसुद्धा निळे. १९४८ पासून २०१२ पर्यंत आठ वेळा या टीमनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि त्या आठ वर्षांचे फलक स्टेडियममध्ये वर टांगलेले आहेत. आपल्याकडे दिवाणखान्यात वाडवडिलांच्या तसबिरी असतात ना, तसेच. त्यांच्याकडे मान वर करून बघायचं आणि आपण काही केलं नाही म्हणून मान खाली घालायची.

आम्ही मार्चच्या अखेरीस, म्हणजे २०२४ सालच्या, तिथं पोचलो तेव्हा गावाला सुतक होतं. २१ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत, ओकलंड नावाच्या मिशिगनकडच्या एका विद्यापीठानं केंटकीला ८०-७६ असं हरवलं होतं. ओकलंडला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं. त्यांच्या जॅक गोल्की नावाच्या पोरानं एकट्यानं लांबून दहा बास्केट मारले. लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण असतात, म्हणजे नुसते तेच तीस झाले. आमच्या लेकीच्या शेजारी एक आजोबा राहतात. माझ्याच वयाचे, पण नात त्यांना आजोबा म्हणते म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या दाराशी बारा महिने निळा झेंडा. मी ओळख करून घ्यायला गेलो, नमस्कार केला, हवापाण्याचं विचारलं. त्यांनी हवापाण्याचं उत्तर न देता सरळ "दहा!" असं म्हटलं आणि बोटं दाखवली. मला वाटलं, नातवंडं सांगताहेत.

पुढच्या पंधरवड्यात आणखी एक घाव बसला. पंधरा वर्षं टीमला शिकवणारे, २०१२ चं विजेतेपद मिळवून देणारे कोच जॉन कॅलिपेरी गाव सोडून अर्कान्सा विद्यापीठात गेले. पुन्हा ते काही लांबचं सासर नव्हे. दोन्ही विद्यापीठं एकाच साखळीत खेळतात, म्हणजे मॅचच्या निमित्तानं तोंड दिसणारच.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. कनेक्टिकटच्या कोचचं नाव निघालं. त्यानं नुकतंच लागोपाठ दुसरं विजेतेपद मिळवलेलं, म्हणजे स्थळ एकदम घरंदाज. त्याचा नकार आला. मग बेलरचा कोच. पत्रिका जुळतेय म्हणेपर्यंत तोही "आम्हाला इतक्यात करायचं नाही" म्हणाला. आणि शुक्रवारी, १२ एप्रिलला, जाहीर झालं, की मार्क पोप येणार.

"पोप?" सौ. म्हणाली. "ते रोम सोडून इकडे कशाला?"

शेजारच्या आजोबांना आनंद होईल म्हणून मी धावत गेलो. कारण हा पोप म्हणजे घरचाच मुलगा. सहा फूट दहा इंच उंच, १९९६ साली केंटकीनं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं त्या टीमचा कॅप्टन. पण आजोबा झेंड्याच्या काठीला टेकून उभे होते आणि चेहरा असा, की मुलीसाठी डॉक्टर शोधता शोधता गावातल्याच मास्तरावर वेळ आली आहे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मोठा कोच म्हणून या माणसानं त्या राष्ट्रीय स्पर्धेत अजून एकही मॅच जिंकलेली नाही. गोष्ट खरी होती. केंटकी ज्या दिवशी हरली, नेमकी त्याच दिवशी पोपची युटामधली टीमसुद्धा पहिल्या फेरीत गारद झाली होती. जावईबापू म्हणाले, "बाबा, ऑफिसात सगळे हेच म्हणताहेत. आपला आहे हो, पण आपला असून काय उपयोग?"

माझ्या पोटात काहीतरी हललं. हे वाक्य मी पूर्वी कुठंतरी ऐकलं होतं.

रात्री जेवताना जावईबापूंनी पोपची बाकीची हकिगत सांगितली. व्यावसायिक बास्केटबॉल काही वर्षं खेळून झाल्यावर तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरीला गेला. आणि ते शिक्षण मध्येच सोडून पुन्हा बास्केटबॉलकडे आला.

सौ.चा घास हातातच राहिला. "मेडिकलची सीट सोडली?"

"हो."

"मिळालेली?"

"मिळालेली."

"आणि त्याच्या आईनं काही केलं नाही?"

"आई," लेक म्हणाली, "त्याला चार मुली आहेत."

सौ.नं ताट पुढे सारलं. चार मुली पदरात आणि मेडिकल सोडलं, यापुढे तिला भातही गोड लागेना. मी तिला समजावण्यासाठी वाचनालयात वाचलेली माहिती सांगितली. बास्केटबॉल शोधून काढला जेम्स नायस्मिथनं, १८९१ साली, स्प्रिंगफील्ड गावी. पीच फळांच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. बॉल आत पडला, की कुणीतरी वर चढून काढायचा. तर हा नायस्मिथ पुढे डॉक्टरी शिकला आणि कॅन्ससच्या विद्यापीठात गेला. तिथं त्याचा चेला फॉग ॲलन. तोही तिथला कोच झाला, मध्येच हाडवैद्यकी शिकायला गेला आणि १९१९ साली आपल्याच जुन्या टीमकडे परत आला, तो १९५६ पर्यंत हललाच नाही. त्याच्या हाताखाली खेळलेला अडॉल्फ रप १९३० साली केंटकीला कोच होऊन आला आणि १९७२ पर्यंत ८७६ मॅचेस जिंकून गेला. म्हणजे हे घराणंच तसं.

"म्हणजे हा रोगच आहे," सौ. म्हणाली, "आणि डॉक्टरांनाच होतो."

पण पुढच्या दोन दिवसांत गावाचं काय झालं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. शुक्रवारी कपाळाला हात लावणारं गाव शनिवारी "तसा पोरगा वाईट नाही" म्हणू लागलं. कुणीतरी ९६ सालचे जुने फोटो काढले. कुणाला त्याची कुठली मॅच आठवली, कुणाला त्यानं कुठल्या मुलाला दिलेली सही. रविवारी सकाळी आजोबा इस्त्रीचा निळा शर्ट घालून आमच्या दारात हजर. "चला," म्हणाले, "रप अरेनात जायचंय. तिकीट नाही, पण उशीर झाला तर जागाही नाही."

रप अरेना म्हणजे वीस हजारांच्या वर माणसं बसतील असं बंदिस्त मैदान. नाव अर्थातच त्या ८७६ वाल्यांचं. मला वाटलं, कोचची वार्ताहर परिषद आहे, पाच-पन्नास वार्ताहर असतील. बघतो तर मैदान भरलेलं. तान्ही मुलं, काठीवाल्या आज्या, निळ्या रंगानं तोंड माखलेले बाप्ये. मॅच नाही, बॉल नाही, प्रतिस्पर्धी नाही. नुसता एक माणूस नोकरीवर रुजू होतो आहे, म्हणून ही गर्दी. मी छत्तीस वर्षं नोकरी केली. रुजू झालो त्या दिवशी मस्टर कुठं आहे हे सांगायलाही कुणी नव्हतं.

आणि मग मैदानात चक्क एक बस आली. पंढरीच्या यात्रेची एसटी देवळाच्या सभामंडपात यावी तशी. तिच्यातून जुने खेळाडू उतरले. आता पोटं सुटलेली, टकलं पडलेली माणसं. आणि त्यांच्याबरोबर पोप, हातात ९६ सालचा विजेतेपदाचा करंडक उंच धरलेला. वीस हजार माणसं उभी राहिली. माझ्या शेजारचे आजोबा रडत होते. त्यांच्या शेजारचा पोलीस रडत होता. आणि सौ.नं माझ्याकडे वळून विचारलं, "अहो, तुम्हाला काय झालं?"

"एसी फार आहे," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांच्या वर संसार झाला, की बायकोला एसी कुठं असतो आणि कुठं नसतो ते कळतं.

आता ट्रंकेकडे येतो.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी. १९६८ ते ७१ मी तिथं शिकलो आणि बास्केटबॉलच्या टीममध्ये होतो. 'होतो' हे क्रियापद अगदी शब्दशः घ्यायचं. खेळत नव्हतो, होतो. उंची पाच फूट पाच इंच, त्यातही एक इंच केसांचा. मी बारावा खेळाडू. मुरमाचं ग्राउंड, फक्कीच्या रेघा, लाकडी बोर्ड. रिंगला जाळी कधी नव्हतीच. त्यामुळे बॉल रिंगमधून गेला की बाजूनं गेला, हा वाद मॅच संपल्यावर एसटी स्टँडपर्यंत चालायचा. माझं काम टॉवेल सांभाळणं, गुण लिहिणं आणि मध्यंतराला लिंबाच्या फोडी मीठ लावून पुढे करणं. तीन वर्षांत मी एकूण चार मिनिटं खेळलो, तीही एकाला कावीळ झाली म्हणून.

पुढे मी जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागलो. पंधरा वर्षं तिथं काढली. तिथल्या बास्केटबॉलच्या पोरांबरोबर हौसेनं मॅचेसना जायचो, चार गोष्टी सांगायचो. १९८९ साली आई फार थकली म्हणून धडपड करून गावाकडे, आमच्याच कॉलेजात आलो. आमचे जुने फिजिकल डायरेक्टर, ज्यांना सगळा तालुका नुसता 'सर' म्हणायचा, ते निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा सरकारी रिवाजाप्रमाणे रिकामी होती. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी बोलावलं.

"तुम्ही टीममध्ये होता ना?"

"होतो सर, पण बाकावर."

"उत्तम! म्हणजे बसायची सवय आहे. कोचला तरी दुसरं काय करायचं असतं?"

झालं. जिमखान्याच्या दारावर फळा लागला: 'महाविद्यालयाचे माजी स्टार खेळाडू आता आपल्या संघाचे मार्गदर्शक!' स्टार हा शब्द कुणाला सुचला ते मला कळलं नाही. पण हार घातला, नारळ दिला, टाळ्या झाल्या. अशा वेळी उभं राहून "मंडळी, मी चार मिनिटं खेळलोय" असं सांगायला जे धैर्य लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. सत्य जाणणारा एकच माणूस तिथं होता, जिमखान्याचे शिपाईमामा. त्यांनी सगळं पांगल्यावर जवळ येऊन अदबीनं विचारलं, "सर, लिंबं आणू का?"

संध्याकाळी ग्राउंडवर गेलो. आणि तिथं उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की मी ज्या टीमकडे परत आलो होतो, ती टीम तिथं नव्हती. कशी असेल? एक विमा कंपनीत, एक अबूधाबीला, एकानं हमरस्त्यावर हॉटेल काढलेलं, आणि आमचा कॅप्टन ८३ सालीच वारलेला. समोर उभी होती ती अकरा अनोळखी पोरं. त्यातली बरीचशी मी कॉलेज सोडलं त्या वर्षी जन्माला आलेली. आणि मुरमावर फक्कीची एक मोठी अर्धगोल रेघ, जी आमच्या वेळी नव्हती.

"ही रे कसली?" मी विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "सर, तीन गुणांची," एक उंच पोरगा म्हणाला. त्याला सगळे बांबू म्हणायचे. "हिच्या बाहेरून टाकलं, की तीन."

आंतरराष्ट्रीय नियमांत ही रेघ १९८४ साली आली. मोठ्या कॉलेजात मी ती रोज बघत होतो. पण या ग्राउंडवर पाऊल ठेवल्याबरोबर मी पुन्हा ६८ सालात गेलो होतो. माझ्या डोळ्यांपुढं जुनं ग्राउंड होतं, जुनी पोरं होती. मी बांबूला आमच्या कॅप्टनच्या नावानं हाक मारली. एकदा नव्हे, महिनाभर. पहिले आठ दिवस तो "सर, माझं नाव ते नाही" म्हणाला. मग त्या नावाला ओ देऊ लागला. आज आठवलं, की लाज वाटते.

पहिली मोठी मॅच पडली ती नेमकी मी सोडून आलेल्या कॉलेजाशी, त्यांच्या सिमेंटच्या कोर्टवर. आम्ही ६८-३१ नं हरलो. मोठी मौज म्हणजे समोरची पोरंही माझीच. आमचा बास्केट चुकला, की बॉल घेऊन सुसाट निघायचं, हे त्यांना मीच शिकवलं होतं. ते दर वेळी सुसाट निघत आणि बास्केट झाल्यावर माझ्याकडे बघून नम्रपणे हसत. मध्यंतराला त्यांचा कॅप्टन पाण्याचा तांब्या घेऊन आला. "सर, घ्या. दमला असाल." मी बसलेला होतो. बसून दमलेला माणूस त्या पोरानं बरोबर ओळखला.

परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गाव बोललं. केशकर्तनालयात, पोस्टात, दुधाच्या रांगेत. "आपला म्हणून आणला, पण आपला असून काय उपयोग?" आणि लगेच पुढचं, "तिकडं काही जमलं नसणार." आईला शेजारणीनं हे मुद्दाम येऊन सांगितलं. आई अंथरुणावरून म्हणाली, "माझ्यामुळं तुला ऐकून घ्यावं लागलं रे." तेवढं मात्र मला लागलं. मॅचचे सदतीस गुण मी विसरलो असतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्राउंडच्या कडेच्या लिंबाखाली सर उभे. सत्तरीला टेकलेले, हातात काठी, पण शिट्टी अजून गळ्यात. मी पाया पडलो. थोडा वेळ दोघंही पोरांकडे बघत राहिलो. वीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न अखेर बाहेर आला.

"सर, मला तीन वर्षं बाकावर का बसवलंत?"

"तुला खेळता येत नव्हतं म्हणून," सर म्हणाले.

यात तुम्हाला काही हळुवार ऐकायचं असेल, तर सरांकडून नाही. मी म्हणालो, "मग टीममध्ये तरी का ठेवलंत?"

"बाकीचे सगळे बॉल बघायचे. तू एकटा पोरं बघायचास. कोण दमलाय, कोणाच्या पायात गोळा आलाय, कोण रुसलाय. मला न विचारता त्याच्यापुढं लिंबू धरायचास." सरांनी काठी बांबूकडे केली. "त्या पोराचं नाव काय?"

मी नाव सांगितलं.

"ते आपल्या कॅप्टनचं. तो गेला. ह्याचं नाव काय?"

मला सांगता आलं नाही.

"मग आता बघत का नाहीस?" एवढंच म्हणून सर काठी टेकत घरी गेले.

त्या संध्याकाळी मी पोरांना गोल बसवलं आणि एकेकाचं नाव, गाव, घरी कोण कोण, हे विचारून वहीत लिहून घेतलं. शिपाईमामांना लिंबं आणायला सांगितलं. सर त्यानंतर रोज यायचे, लिंबाखाली उभे राहायचे आणि पुढच्या पावसाळ्यात गेले. आम्ही तिसऱ्या वर्षी झोनलच्या सेमीफायनलपर्यंत गेलो. कप कधीच मिळाला नाही. माझ्या एकूण कारकिर्दीत जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या मॅचेस जास्त. पण खुद्द नायस्मिथचा हिशेब कॅन्ससला ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. ज्यानं खेळ शोधला त्यालाच तो पुरता जमला नाही, तर आम्ही कोण? बांबू पुढे एसटीत कंडक्टर झाला. अजूनही भेटला, की सुट्टे पैसे देतो.

तर रप अरेनात त्या बसमधून उतरलेल्या माणसाकडे बघताना मला हे सगळं आठवलं. आणि त्याची काळजी वाटायला लागली. करंडक खाली ठेवल्यावर याचं कसं होणार? कारण जावईबापूंनी कानात सांगितलं होतं, की जुन्या कोचबरोबर पोरंही पांगताहेत. कुणी व्यावसायिक खेळाकडे, कुणी दुसऱ्या विद्यापीठात. आणि झालंही तसंच. शिष्यवृत्तीवर खेळणारा आदल्या वर्षीचा एकही खेळाडू उरला नाही. म्हणजे नवे मुख्याध्यापक वाजतगाजत शाळेत आले आणि वर्ग उघडून बघतात तो पट कोरा! जुन्या टीमकडे परत आला म्हणायचं, तर टीम कुठं होती? होता फक्त निळा बनियन, वरचे आठ फलक आणि वीस हजार माणसं. त्यानं मग देशभरातून नवी पोरं गोळा केली. जमेल तिथून, जमेल तशी. नावं पाठ करायलाच उन्हाळा गेला असेल.

आम्ही परत आलो, पण माझा जीव तिकडेच. नोव्हेंबरात त्या नव्या पोरांनी ड्यूकसारख्या बलाढ्य टीमला ७७-७२ नं हरवलं, तेव्हा मी सौ.ला पेढे आणायला लावले. आणि मग १ फेब्रुवारी २०२५ आली. कॅलिपेरी आपली अर्कान्साची टीम घेऊन रप अरेनात उतरले. आपल्याकडे रविवारची सकाळ. मी आंघोळ न करता लेकीला फोन लावून बसलो.

यात एक जुना हिशेब होता. १९९६ साली, पोपच्या केंटकीनं विजेतेपद मिळवलं तेव्हा सेमीफायनलमध्ये त्यांनी ज्या मॅसेच्युसेट्सच्या टीमला ८१-७४ नं हरवलं, तिचे कोच होते हेच कॅलिपेरी. आता लोकांनी पंधरा वर्षांच्या जुन्या कोचची हुर्यो केली, मैदान दणाणलं. आणि कॅलिपेरींनी ८९-७९ अशी मॅच जिंकली.

सोडून गेलेला परत येऊन जिंकला, आणि परत आलेला घरात हरला.

मी फोनवर विचारलं, "शेजारचे आजोबा काय म्हणताहेत?"

"रात्रभर काही बोलले नाहीत बाबा," लेक म्हणाली. "सकाळी बघते तर दाराचा झेंडा काढलेला."

माझ्या पोटात पुन्हा हललं. म्हटलं, आठवा दिवस उजाडला. पोरानं मेडिकल सोडलं, चार मुली घेऊन आला, कोरा पट भरला, ड्यूकला हरवलं आणि एका मॅचपायी...

चार दिवसांनी लेकीचा फोन. "बाबा, झेंडा परत लागला."

"म्हणजे? काढला कशाला होता?"

"मी विचारलं. ते म्हणाले, मळला होता. धुवायला काढला."

त्या वर्षी पोपची पोरं राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचली आणि टेनेसीकडून हरली. फलक नववा काही लागला नाही. हा निकालही लेकीनंच कळवला. मी म्हणालो, "आजोबांना माझा नमस्कार सांग. आणि त्या पोपला कुणी भेटत असेल, तर म्हणावं, मध्यंतराला लिंबाची फोड मीठ लावून द्यावी. पोरांच्या पायात गोळे येत नाहीत."

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांगा, सांगा. तो डॉक्टर होता होता राहिलाय. त्याला पटेल."